आबांना सकाळची गोळी आठवत नाही, १९६७ चा भूकंप मात्र गाडग्यामडक्यासकट आठवतो. हे कसं काय?

मलप्रभाकाठचा | रविवार, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होतो. पहिलाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमचे आबा ७९ वर्षांचे. खानापूर तालुक्यात मराठी शाळेवर मास्तर होते. गेल्या वर्षभरात विसरभोळेपणा वाढलाय. साडेआठला साखरेची गोळी घेतात आणि नऊला विचारतात, "माझी गोळी दिलीस काय?" परवा गल्लीत वास्तुशांतीचं जेवून आले आणि संध्याकाळी आईला म्हणाले, "आज दुपारी जेवाण केलं न्हवतंस काय गं?" आई बिचारी रडकुंडीला.

आणि हेच आबा ११ डिसेंबर १९६७ ची पहाट अशी सांगतात की ऐकणाऱ्याच्या पायाखालची जमीन हलावी. कोयनेचा भूकंप. आबा तेव्हा बावीस वर्षांचे. आण्णा म्हणजे त्यांचे भाऊ. "मी न् आण्णा सोप्यात झोपलेलो. पयल्यांदा उतरंड वाजली. वरचं गाडगं खाली आलं, त्यात हुलग्याचं पीठ. सगळं पीठ आण्णाच्या घोंगड्यावर. आण्णानं माझा हात धरला आणि परड्यात ओढलं. म्हस दावं तोडायला बघत हुती." शब्दही तेच, थांबायच्या जागाही त्याच. पीठ म्हणताना हात झटकतातसुद्धा.

दादा पुण्याहून फोनवर म्हणतो, "इतकं जुनं आठवतंय म्हणजे डोकं शाबूत आहे, तू उगीच घाबरूलास." मला मात्र ते पटत नाही. एकाच डोक्यात ही दोन टोकं कशी राहतात? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

कुंदा_प्रेमी | रविवार, रात्री १०:०४

मला काल बायकोनं सांगितलेलं सामान आठवत नाही, लग्नात तिच्या मामानं केलेला अपमान मात्र मिनिटामिनिटानं आठवतो. मी बेचाळीसचा. डॉक्टरकडे जाऊ का? (हलकेच घ्या.)

मेंदूवाला | रविवार, रात्री १०:४१

मी हाच विषय शिकवतो, म्हणून जरा लांबण लावतो.

कुंदा_प्रेमी यांनी गमतीत मर्मावर बोट ठेवलंय. मेंदू सगळं सारख्या शाईनं लिहीत नाही. भीती, संताप, अतिआनंद, काहीही असो, छाती धडधडली की अॅड्रेनालिन हे संप्रेरक सुटतं, मेंदूत त्याचंच भावंड नॉरअॅड्रेनालिन वाढतं आणि कानाच्या पातळीवर आत खोल असलेली बदामाएवढी अमिग्डला जागी होते. तिच्या शेजारी हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या घटनांची नोंद करणारा कारकून. अमिग्डला त्याला सांगते, 'ही नोंद पक्की कर.' गंमत अशी की हे पक्कं करणं घटना घडून गेल्यावरही बराच वेळ चालू असतं. जेम्स मॅकगॉ या शास्त्रज्ञानं उभी हयात यावर घालवली.

त्यांच्याच गटातल्या लॅरी केहिल यांचा १९९४ चा प्रयोग सांगण्यासारखा आहे. लोकांना चित्रं दाखवत एक गोष्ट सांगितली. आई आणि मुलगा चाललेत, मधेच मुलाला भीषण अपघात होतो, मग पुढचा साधा भाग. काहींना आधी प्रोप्रानोलोल दिलेलं, म्हणजे अॅड्रेनालिनचा परिणाम अडवणारी गोळी. बाकीच्यांना नुसती खोटी गोळी. आठवड्यानं विचारलं. खोटी गोळीवाल्यांना अपघाताचा भाग ठळक आठवला. प्रोप्रानोलोलवाल्यांना तोही बाकी गोष्टीइतकाच. साध्या, अपघात नसलेल्या गोष्टीत मात्र दोघं सारखेच. म्हणजे गोळीनं स्मरणशक्ती पुसली नाही, फक्त भावनेची ठळक शाई काढून घेतली.

आता आबा. वयानं आधी थकतो तो कारकून, हिप्पोकॅम्पस. अमिग्डला त्या मानानं टिकून राहते. सकाळच्या गोळीत धडधडण्यासारखं काय आहे? रोज तीच वाटी, तेच पाणी. भूकंप मात्र बाविसाव्या वर्षी लिहिला गेला, कारकून तरणाबांड असताना, लाल शाईनं. शिवाय पंधरा ते पंचविशीच्या आठवणी म्हातारपणी इतर काळापेक्षा जास्त वर येतात, हेही पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे.

तेव्हा तुमच्या दादांचं म्हणणं चूक. जुनं आठवणं हा आजचं डोकं शाबूत असल्याचा दाखला नव्हे.

निपाणीची_लेक | रविवार, रात्री ११:१५

वाचून अंगावर काटा आला, कारण आमच्या घरी हेच चालतं.

माझी आई तंबाखूच्या वखारीत होती. १९८१ चं तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन तिनं पाहिलंय, हायवेवर बसलेले शेतकरी आणि शेवटी ६ एप्रिलचा गोळीबार. तेव्हा ती विशीतली. ती सांगते आवाज कसा आला, एक चप्पल कशी सुटली, उरलेली हातात घेऊन कशी पळाली. ती चप्पल निळ्या पट्ट्याची, हेसुद्धा. पण सोबत कोण होतं विचारलं की गप्प. "हुत्या की बायका." कोण बायका? "हुत्या."

पट्ट्याचा रंग आठवतो आणि सोबतीण आठवत नाही, हे मला कधीच कळलं नाही.

आणि उलटं बघा. २०१९ चा ऑगस्टचा पूर आणि २०२१ चा जुलैचा, दोन्ही तिनं पाहिले, घाबरली पण होती. आता तिच्या बोलण्यात दोन्ही पूर एक झालेत. निपाणीजवळ यमगर्णीला हायवेवर पाणी कधी आलं विचारलं की एकदा हे साल सांगते, एकदा ते.

मेंदूवाला | रविवार, रात्री ११:३८

ताई, चपलेचं कोडं सुटण्यासारखं आहे. घाबरलेला माणूस विजेरीच्या झोतानं बघतो. झोतात आलं ते लख्ख, बाजूचं अंधारात. पोलिसांना हे चांगलं माहीत असतं. पिस्तूल रोखलेलं असेल तर साक्षीदाराला पिस्तूल आठवतं, तोंड आठवत नाही. आईंच्या झोतात त्या क्षणी पाय होते.

पुरांचं कारण वेगळं. सारख्या चेहऱ्याच्या दोन घटना, त्यात दुसऱ्या वेळी वय जास्त. म्हातारपणी 'काय' झालं ते राहतं, पण 'कधी, कुठं, कुणाबरोबर' यांची गाठ सुटते. तुकडे शाबूत, त्यांना बांधणारा दोरा सैल.

सीमावासी_१ | सोमवार, सकाळी ७:२०

[प्रतिसाद हलवला आहे.]

संपादक मंडळ | सोमवार, सकाळी ८:०२

सीमाप्रश्नावर स्वतंत्र धागा आहे, तिथे मनसोक्त लिहा. इथे आबांबद्दल बोलू.

शहापूरची_सिस्टर | सोमवार, सकाळी ८:३०

रात्रपाळी करून आलेय, थोडक्यात लिहिते. मेंदूचं शास्त्र ठीक आहे, पण आधी माणसाचं रक्त तपासा.

मलप्रभाकाठचा, आबा साखरेवर मेटफॉर्मिन घेतात का? वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ कमी होऊ शकतं, आणि बी-१२ कमी झालं की विसरणं वाढतं. थायरॉइड बघा. कान बघा! निम्मे म्हातारे 'विसरत' नसतात, त्यांना मुळात ऐकूच आलेलं नसतं. झोपेच्या गोळ्या, सर्दी-खाजेच्या जुन्या पद्धतीच्या गोळ्या, यांनीही डोकं जड होतं. आणि मन उदास असेल तरी असंच दिसतं. यातलं बरंचसं सुधारता येतं.

एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा. दोन-चार दिवसांत अचानक बरळायला लागले, रात्र-दिवस कळेना, तर ते 'वय' नव्हे. लघवीचा संसर्ग, सोडियम खाली जाणं, काहीही असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना.

मलप्रभाकाठचा | सोमवार, दुपारी १:१२

सिस्टर, मेटफॉर्मिन बारा वर्षं चालू आहे. हे कुणी बोललंच नाही. सहा महिन्यांपूर्वी एका ठिकाणी दाखवलं होतं. दोन मिनिटं बघून "वय झालं, असंच व्हायचं" म्हणाले आणि पुढचा पेशंट आत. उद्या उद्यमबागेतल्या कामावर सुट्टी टाकून रक्त द्यायला नेतो.

चिकोडी_एक्सप्रेस | सोमवार, दुपारी २:४५

आमच्याकडचा किस्सा वेगळ्याच वळणाचा आहे. माझ्या आजीचं माहेर हुक्केरीकडचं, घरात कानडी. लग्न होऊन मराठी घरात आली, साठ वर्षं मराठी बोलली, आमच्यापेक्षा शुद्ध. आता ८४ ची आहे. लहानपणाबद्दल मराठीत विचारलं की "आठवत नाही रे बाळा".

एकदा बाबांनी सहज कानडीत विचारलं, "आई, नी सण्णाकी इद्दाग येन माडतिद्दी?" म्हणजे लहान असताना काय करायचीस. आजी अर्धा तास बोलत होती. विहिरीत पडलेली घागर, बापानं हाणलेली थप्पड, जोळद रोट्टी (ज्वारीची भाकरी) कशावर भाजायचे, सगळं. थप्पड सांगताना गालाला हात लावला तिनं.

भाषेची अशी कुलुपं असतात का?

मेंदूवाला | सोमवार, सायं. ६:१०

असतात. मेरियन आणि नायसर यांनी २००० साली अमेरिकेतल्या रशियन-इंग्रजी बोलणाऱ्यांवर हेच पाहिलं. ज्या भाषेत आठवण घडली, त्या भाषेत मुलाखत घेतली की त्या काळातलं जास्त वर येतं. आपल्या भागात तर घरोघरी दोन किल्ल्या आहेत. तिकडच्या लोकांना शोधत जावं लागलं, इथं चुलीपाशी सापडतं.

जुना_कंदील | सोमवार, रात्री ८:५५

मी स्वतः ७४ चा. इथं सगळे म्हाताऱ्यांबद्दल बोलताहेत, एक म्हातारा बोलला तर चालेल ना?

नातवानं मला मोबाइलवर वाचून दाखवलं की वय वाढलं की माणसाला चांगलंच जास्त आठवतं, वाईट मागं पडतं. मला आधी राग आला. बायकोचे शेवटचे अकरा दिवस मला खोलीच्या छतावरच्या डागासकट आठवतात. ते कुठं मागं पडलं?

पण मग विचार केला. धाकट्या भावाशी वाटणीवरून माझं सतरा वर्षं बोलणं नव्हतं. कडोलीच्या वाटेवरचं शेत. त्या भांडणात कोण काय बोललं ते मला तोंडपाठ होतं, रात्री उठून पुन्हा घोकायचो. आता आठवायला बसलो तर त्या शेतातला आंबा आठवतो आणि त्याच्यावरून पडलेला भाऊ. शिव्या आठवत नाहीत. म्हणजे दिल्या होत्या हे माहीत आहे, कुठल्या ते गेलं. मी काही त्याला माफ वगैरे केलेलं नाही, पण घोकणं बंद पडलं.

तेव्हा अर्धं खरं असावं.

मेंदूवाला | सोमवार, रात्री ९:३०

काका, दंडवत. तुम्ही दोन परिच्छेदांत जे लिहिलंत ते मला तासाभरात शिकवता येत नाही.

नातवानं वाचलं ते बहुधा चार्ल्स, मॅथर आणि कार्स्टन्सन यांचं २००३ चं काम. तरुण, मध्यमवयीन आणि वृद्धांना सुखद, दुःखद आणि साधी चित्रं दाखवली. वय जसं जास्त, तसा आठवलेल्या चित्रांत दुःखद चित्रांचा वाटा कमी. कार्स्टन्सन यांचं म्हणणं असं की पुढचा वेळ थोडा आहे हे उमगलं की माणूस मन शांत ठेवणाऱ्या गोष्टींकडे वळतो. म्हणजे हा बिघाड नाही, निवड आहे. आणि याला मेहनत लागते. मॅथर आणि नाइट यांनी प्रयोगात वृद्धांचं लक्ष दुसरीकडे गुंतवलं, तर हा सुखाकडचा कल उरलाच नाही.

छतावरचा डाग मात्र निवडीच्या पलीकडचा. तिथं लाल शाई.

तिखट_संकेश्वरी | सोमवार, रात्री ९:५८

सगळं छान आहे, पण एक प्रश्न कुणीच विचारला नाही. आबा सांगतात ते खरं कशावरून? तेच शब्द, तीच थांबायची जागा. अशी तर कीर्तनकाराची आख्यानं असतात. रंगतात, पण साक्षीला उभी राहत नाहीत.

मलप्रभाकाठचा | सोमवार, रात्री १०:२०

जरा रागच आला वाचून. मी एकदा आबांना असंच विचारलं होतं. म्हणाले, "मी हुतो तिथं. तू हुतास काय?" मुद्दा संपला.

मेंदूवाला | सोमवार, रात्री १०:४७

रागावू नका, संकेश्वरी यांचा प्रश्न रास्त आहे.

२८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर यान उडताच फुटलं. उलरिक नायसर यांनी दुसऱ्या दिवशी सकाळीच विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, बातमी कुठं कळली, कुणी सांगितली. अडीच-तीन वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना पुन्हा तेच विचारलं. पाव भाग मंडळींचं उत्तर मुख्य तपशिलांत साफ चुकलं होतं, आणि सांगत होते छातीठोक. कहर पुढे आहे. त्यांना त्यांच्याच हस्ताक्षरातला कागद दाखवला, तरी मूळ आठवण परत आली नाही.

२००१ च्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर टालारिको आणि रुबिन यांनी असंच पाहिलं. हल्ल्याची आठवण आणि त्याच सुमाराची एखादी रोजची आठवण, दोन्ही सारख्याच वेगानं बदलत गेल्या. फरक एवढाच की हल्ल्याच्या आठवणीवरचा भरवसा ढळला नाही.

म्हणजे लाल शाई ठसठशीत असते. अचूक असेलच असं नाही. भूकंप झाला, उतरंड पडली, हे टिकतं. कोण कुठं झोपलं होतं, हे प्रत्येक सांगण्यात थोडं नव्यानं लिहिलं जातं.

कुंदा_प्रेमी | सोमवार, रात्री ११:०१

म्हणजे मामानं अपमान केलाच नव्हता?? वाचनखूण साठवली. बायकोला दाखवत नाही.

निपाणीची_लेक | मंगळवार, सकाळी १०:१८

मग करायचं काय? आई गोंधळली की भाऊ ओरडतो, "नीट आठव की!" त्यानं ती अजूनच गप्प होते.

शहापूरची_सिस्टर | मंगळवार, सकाळी ११:०५

भावाला सांगा, आठवताना धाक बसला की असलेलंही जातं. परीक्षेत पाटी कोरी होते तसं. 'आठवतंय का?' हा प्रश्नच घरातून हद्दपार करा. "आई, सकाळी शेजारच्या काकू आल्या होत्या ना, त्यांनी दोडकी दिली," असं अर्धं वाक्य आपणच पुढं करायचं. गोळ्यांना सात खणांची डबी, खण रिकामा दिसला की वाद मिटला. महत्त्वाचं बोलणं सकाळी करा, टीव्ही बंद करून, समोर बसून.

मेंदूवाला | मंगळवार, दुपारी १२:३०

सिस्टरना दुजोरा. तरुणपणी थोडी उत्तेजना लक्ष धारदार करते, महत्त्वाचं पुढं आणि फालतू मागं. वृद्धांत ही चाळणी तशी चालत नाही, मागचं 'फालतू' दबलं जात नाही. ओरडण्यात ओरडणाराच आठवतो, निरोप नाही.

उलट सौम्य उत्तेजना *नंतर* दिली तर उपयोग होऊ शकतो. सीगल आणि केहिल यांनी २०१२ मध्ये ५० ते ८५ वयाच्या लोकांना सुखद चित्रं दाखवली आणि लगेच सहा मिनिटं जागच्या जागी सायकल चालवायला लावली. तासाभरानं न चालवणाऱ्यांपेक्षा त्यांना जास्त चित्रं आठवली, स्मृती थोडी कमी झालेल्यांनासुद्धा. तेव्हा सांगायचं ते सांगा आणि मग फिरायला न्या. प्रयोग एवढासा आहे, चमत्काराची आशा नको. पण फुकटचा आहे.

मलप्रभाकाठचा | शनिवार, रात्री ९:१५

चार दिवस गायब होतो, कारण घरात महाभारत झालं.

पहिलं, रिपोर्ट. बी-१२ बरंच खाली. इंजेक्शनं सुरू केलीत. कान पण तपासले, डाव्यानं ऐकू कमी येतं. म्हणजे दादाही थोडा बरोबर, मीही थोडा. पुढची स्मृतीची चाचणी पुढच्या महिन्यात.

दुसरं. संकेश्वरी, तुमचा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून आबांची पत्र्याची पेटी उघडली. शाळेचे दाखले, एलआयसीचे कागद, आणि खाली आण्णाकाकांची इनलँड पत्रं. एकावर तारीख १२ डिसेंबर १९६७. इचलकरंजीहून. "काल पहाटे इकडे मोठा धक्का बसला. माग थांबले, सर्व लोक रस्त्यावर. आईस सांगणे मी सुखरूप आहे. तिकडील खुशाली ताबडतोब कळवणे."

आण्णाकाका त्या रात्री खानापुरात नव्हतेच!

मग पीठ कुणाच्या घोंगड्यावर पडलं? नंदगडला आत्याला फोन लावला. ती तेव्हा बारा वर्षांची. ऐकल्या ऐकल्या उसळली, "माझ्या! केसात पीठ घेऊन बोंबलत मी पळाले. पन्नास वर्षं झाली, हा मेला मला गोष्टीत घेत नाही. आण्णा आण्णा करतोय. मी आईला सांगितलं, वहिनीला सांगितलं, कोण ऐकूलंय?"

कुंदा_प्रेमी | शनिवार, रात्री ९:२८

आत्यांना साष्टांग. पण आत्यांच्या आठवणीला तरी पुरावा काय? पिठाचं पत्र तर कुणी लिहिलं नसेल.

जुना_कंदील | शनिवार, रात्री ९:५०

आण्णा आज हयात आहेत का?

मलप्रभाकाठचा | शनिवार, रात्री १०:०६

नाही काका. १९९८ ला गेले. आबांना त्यांनीच शिकवलं, मास्तरकीला लावलं. आबांचं पान हलायचं नाही आण्णांशिवाय.

जुना_कंदील | शनिवार, रात्री १०:११

मग त्या पहाटे हात धरायला दुसरं कोण येणार? पत्र आबांना दाखवलं का?

मलप्रभाकाठचा | शनिवार, रात्री १०:३४

दाखवलं. दाखवू की नको करत दोन दिवस काढले. आईच म्हणाली, "त्यांचं पत्र आहे, त्यांना दे."

चष्मा लावून वाचलं. दोनदा. बोटानं अक्षरावरून फिरवत म्हणाले, "हे आण्णाचंच अक्षर. 'ळ' बघ कसा काढायचा." मग तारखेपाशी थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं उगीच दाखवलं. मग पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि फिरायला जाऊया म्हणाले. (मेंदूवाला, सहा मिनिटं नाही, चांगले वीस मिनिटं फिरवून आणले.)

आज दुपारी शेजारचा पोरगा आला होता, त्याला आबांनी भूकंप सांगितला. मी दाराआड उभा. सोपा, उतरंड, गाडगं, पीठ, सगळं जागच्या जागी. आण्णाही घोंगडं घेऊन शेजारीच, हात धरून परड्यात. म्हस पण दावं तोडूलीच.

फक्त शेवटी एक वाक्य वाढलंय. "आणि दोन-तीन दिवसांनी आण्णाचं पत्र आलं, इचलकरंजीहून." असं म्हणून खिशातलं पत्र काढून पोराच्या हातात दिलं.